आमच्या बालपणचे दोन वेताळ

साठी उलटलेल्या चार मराठी माणसांची बैठक बसली आणि बोलणें लहानपणीं वाचलेल्या मासिकांकडे वळलें, म्हणजे एक नांव हटकून निघतें. तें नांव वेताळाचें. परंतु त्या नांवाचा उच्चार होतांच कोणीतरी विचारतो, "कोणता वेताळ? झाडावरचा कीं गुहेंतला?" हा प्रश्न ज्यांस कळला ते आमच्या पिढीचे. ज्यांस कळला नाहीं, त्या विद्यार्थिमित्रांकरितां हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. झाडावरचा वेताळ 'चांदोबा' मासिकांतला. तो प्रेतांत शिरून राजा विक्रमाच्या खांद्यावरून गोष्टी सांगे. गुहेंतला वेताळ 'इंद्रजाल कॉमिक्स'मधला. तो तोंडावर मुखवटा चढवून, कंबरेस दोन पिस्तुलें लावून, पांढऱ्या घोड्यावरून रानांत हिंडे. एकाच नांवाचे हे दोघे आमच्या एकाच दप्तरांत नांदत होते. त्यांपैकीं कोणीं आम्हांस काय दिलें याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. कारण शाळेच्या ग्रंथालयांत चित्रकथांस जागा द्यावी कीं नाहीं हा प्रश्न पालक व शिक्षक आजहि विचारतात, आणि त्याचें उत्तर पुष्कळदां त्या न वाचतांच दिलें जातें.

मराठींत मुलांसाठीं मासिक काढण्याची कल्पना आमच्या पिढीच्या कितीतरी आधींची. मिशनच्या शाळेच्या वार्षिकांत हें सांगतांना आम्हांस थोडा अभिमान वाटतो कीं, या कामीं अमेरिकन मराठी मिशन बरेंच पुढें होतें. त्याचें 'बालबोधमेवा' हें मासिक १८७० नंतरच्या दशकांत निघालें. १८८१ सालीं विनायक कोंडदेव ओक यांनीं 'बालबोध' सुरू केलें व १९१४ सालीं मृत्यु येईपर्यंत तें चालविलें. अंकागणिक एका थोर व्यक्तीचें चरित्र, एक कविता, एक निबंध असा त्यांचा नेम असे. १९०६ सालीं वासुदेव गोविंद आपटे यांचें 'आनंद' निघालें, आणि आपट्यांच्या मागें गोपीनाथ तळवलकर यांनीं तें कित्येक वर्षें सांभाळलें. आमच्या वडील मंडळींच्या फडताळांत अशा मासिकांचे कांहीं जुने अंक होते. दिवाळीपूर्वीं फडताळ झाडतांना ते हातीं लागत, आणि झाडणें तेथेंच राही. त्यांची भाषा स्वच्छ, हेतु सोज्ज्वळ, ज्ञान पुष्कळ. परंतु गोष्ट संपतां संपतां तात्पर्याची छडी उगारली जाई, आणि ती दिसूं लागतांच आम्ही भावंडें पान उलटीत असूं.

'चांदोबा'ची रीत निराळी होती. तात्पर्य त्यांतहि असे, पण तें गोष्टीच्या पोटांत असे, शेपटीस बांधलेलें नसे. या मासिकाचा जन्म महाराष्ट्रांत झालेला नाहीं हें आम्हांस मोठेपणीं कळलें, आणि प्रथम तें खरेंच वाटेना. बी. नागी रेड्डी व चक्रपाणि या चित्रपट काढणाऱ्या जोडीनें जुलै १९४७ मध्यें मद्रासेस तेलुगू व तामिळ या दोन भाषांत तें सुरू केलें. मराठी 'चांदोबा' त्याच घरांतून १९५२ सालीं निघाला. संपादनाची धुरा कोडवटिगंटि कुटुंबराव या तेलुगू साहित्यिकानें १९५२ पासून १९८० सालीं मृत्यु येईपर्यंत वाहिली. गोष्टी तेलुगूंत रचल्या जात, मग निरनिराळ्या भाषांत उतरत. चित्रें मात्र सर्वांस एकच. म्हणजे तंजावरचा मुलगा आणि सांगलीचा मुलगा एकाच चित्रावर बोट ठेवून आपापल्या भाषेंत तीच गोष्ट वाची. चित्रांतल्या देवळांस आमच्या गांवच्या देवळासारखा कळस नसून उंच गोपुर कां असतें, याचें कोडें असें पुढें कधींतरी उलगडलें.

ज्यांनीं हें मराठी लिहिलें त्यांचीं नांवें आम्हां मुलांस ठाऊक नव्हतीं. त्यांचें मराठी किंचित् सोंवळें होतें, हें खरें. त्यांत कोल्हापूरचा ठसका नसे, कोंकणचा हेलहि नसे. पण वाक्यें आंखूड असत, क्रियापद आपल्या जागीं असे, आणि मोठ्यानें वाचावयास तें फार सोपें पडे. आमच्या आजीस डोळ्यांनीं कमी दिसे. अंक घरीं आला कीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर तिला तो वाचून दाखविण्याची पाळी आम्ही भावंडें भांडून घेत असूं. पाठ्यपुस्तक मोठ्यानें वाचण्याचा कंटाळा करणारें मूल 'चांदोबा' वाचतांना आवाज चढवून राजाचें बोलणें राजासारखें व राक्षसाचें राक्षसासारखें करी. वाचनपाठाचा याहून चांगला तास आम्हीं पुढें कोणत्याहि शाळेंत पाहिला नाहीं.

आणि चित्रें! कित्येक मुखपृष्ठें वड्डादि पापय्या यांच्या हातचीं होतीं. वेताळकथेवरचें विख्यात चित्र शंकर या नांवानें चित्रें काढणाऱ्या के. सी. शिवशंकरन् यांचें. स्मशानांत राजा उपसलेली तरवार हातीं घेऊन चालला आहे, खांद्यावर प्रेत लोंबत आहे, पायाशीं कवट्या पडल्या आहेत, असें तें चित्र. तें पाहून भय वाटे, पण राजाच्या चेहऱ्याकडे पाहिलें म्हणजे तें ओसरे, कारण राजा भ्यालेला नसे. शंकर यांचें २०२० सालीं निधन झालें, व दुसऱ्या वर्षीं त्यांस मरणोत्तर पद्मश्री देण्यांत आली. ती बातमी वाचून ज्यांनीं ट्रंक उघडून जुने अंक शोधले असतील, अशीं माणसें भारताच्या अनेक भाषांत असतील.

अंकाच्या अखेरीस दोन छायाचित्रें छापून त्यांस शोभतील अशीं नांवें सुचविण्याची स्पर्धा असे. ताई एका पोस्टकार्डावर बारीक अक्षरांत आम्हां सर्वांच्या सूचना उतरवून घेई, आणि त्यांतली एक निवडतांना घरांत मोठा खल होई. छापील पानाशीं आमचा पहिला पत्रव्यवहार तो.

आतां वेताळाकडे येऊं. कथा अशी कीं, एका योग्याच्या सांगण्यावरून राजा विक्रम झाडावर लोंबणारें प्रेत खांद्यावर घेतो व मुकाट्यानें स्मशानाची वाट चालूं लागतो. त्या प्रेतांतला वेताळ वाटेचे श्रम हलके व्हावे म्हणून गोष्ट सांगतो, व शेवटीं एक प्रश्न घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याचीं शकलें व्हावयाचीं. आणि बोलला तर मौन मोडल्यामुळें प्रेत पुन्हां झाडावर. राजा बोलतो. प्रेत जातें. पुढल्या महिन्यांत राजा पुन्हां झाडाशीं हजर. ही मूळ संस्कृत वेतालपंचविंशति. सोमदेवानें अकराव्या शतकांत रचिलेल्या 'कथासरित्सागरां'त ती सबंध आली आहे, आणि मराठींत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं १८३० च्या सुमारास ती 'वेताळपंचविशी' म्हणून आणली. जुन्या गोष्टी पंचवीसच. मासिकास त्या किती दिवस पुरणार? म्हणून 'चांदोबा'कारांनीं त्याच सांच्यांत नव्या गोष्टी ओतावयास आरंभ केला, आणि राजाची ती फेरी कित्येक दशकें चालू राहिली.

मासिकानें चटक लावली तेव्हां ताईनें वाचनालयांतून जुनी 'वेताळपंचविशी' आणली. तींतली एक गोष्ट येथें थोडक्यांत सांगतों. एका ब्राह्मणाच्या मुलीस तीन तरुण मागणी घालतात. तिघेहि तोलामोलाचे, एकास दिली तर दुसरे दोघे प्राण देतील, म्हणून बाप कोणासच देत नाहीं. इतक्यांत मुलगी तापानें मरते. तिचें दहन झाल्यावर एक जण स्मशानांतच झोंपडी बांधून तिच्या राखेवर निजूं लागतो. दुसरा तिच्या अस्थि गंगेंत नेतो. तिसरा बैरागी होऊन भटकतां भटकतां मेलेल्यास उठविण्याचा मंत्र मिळवितो. मंत्रानें मुलगी उठते, आणि तिघे पुन्हां भांडूं लागतात. ती कोणाची बायको?

येथें आमच्या घरचा नियम असा कीं, उत्तराच्या ओळींवर ताईनें तळहात ठेवावयाचा व प्रत्येकानें आपला निकाल आधीं सांगावयाचा. दादा म्हणे, ज्यानें प्राण दिले त्याची. धाकटा म्हणे, जो राखेवर निजला त्याची, कारण त्याला सर्वांत जास्त थंडी वाजली. मग हात निघे. राजाचा निकाल असा कीं, ज्यानें जन्म दिला तो बापाच्या ठायीं झाला. ज्यानें अस्थि गंगेस नेल्या त्यानें पुत्राचें कर्तव्य केलें. जो तिच्याजवळ राहिला तोच पति. निकाल ऐकून धाकट्यास आनंदाचें भरतें आलें व दादा चिडला. ताई मात्र पुस्तक मिटीत म्हणाली, "पण तिला कोणीं विचारलें काय?" आम्ही सगळे गप्प झालों. हा प्रश्न वेताळानें घातला नव्हता, आणि विक्रमाजवळहि त्याचें उत्तर नव्हतें.

आमच्या मतें या मासिकाचें खरें देणें तें हेंच. गोष्टीनें निवाडा करावयाची संवय लावली, आणि एकदां ती लागली म्हणजे मूल राजाच्या निवाड्याचाहि निवाडा करूं लागतें. शाळेंत पवित्र शास्त्राच्या तासाला चांगल्या शमरोन्याचा दाखला आला तेव्हां आमच्यांतल्या कित्येकांच्या ध्यानीं एक गोष्ट चटकन् आली. प्रभु येशू गोष्ट सांगून थांबत नाहीं. शेवटीं त्या शास्त्र्यासच विचारतो कीं, या तिघांपैकीं शेजारी कोण ठरला? निकाल प्रभूनें दिला नाहीं, शास्त्र्याच्या तोंडून वदविला. नाथान संदेष्ट्यानें दावीद राजास गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगितली तीहि याच जातीची. राजा रागानें शिक्षा फर्मावतो, आणि मग त्याला कळतें कीं शिक्षा कोणास झाली. असे दाखले ऐकावयास आमचे कान आधींच तयार झाले होते, आणि ते कोणीं तयार केले हें आमच्या शिक्षकांस ठाऊक नसावें.

जाता जातां एक गंमत. मूळ पंचविशींतली शेवटची गोष्ट अशी कीं, एक बाप व त्याचा मुलगा रानांत दोन स्त्रियांचीं पावलें पाहतात, आणि मोठ्या पावलांची बापानें व लहान पावलांची मुलानें वरावी असें ठरवितात. पाहतात तों मोठीं पावलें मुलीचीं व लहान आईचीं. ठरल्याप्रमाणें लग्नें होतात. आतां या दोन जोडप्यांस होणाऱ्या मुलांचें परस्परांशीं नातें काय? विक्रमास उत्तर सुचत नाहीं. तो गप्प राहतो, आणि त्याचें तें प्रामाणिक मौन पाहून वेताळ प्रसन्न होतो व योग्याचें कपट त्याच्या कानीं घालतो. 'चांदोबा'स हें परवडण्यासारखें नव्हतें. राजा एकदां गप्प बसला कीं मासिकांतली वेताळकथा संपली!

दुसऱ्या वेताळाचा प्रवेश आमच्या घरीं पुढल्या दारानें झाला नाहीं. मार्च १९६४ मध्यें मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यांतून 'इंद्रजाल कॉमिक्स'चा पहिला अंक निघाला, किंमत साठ पैसे. आरंभींचे सर्व अंक याच वीराचे होते; मागाहून जादूगार मँड्रेक वगैरे मंडळी आली. मूळ पात्र ली फॉक या अमेरिकन लेखकाचें, १९३६ सालीं तिकडील वर्तमानपत्रांत अवतरलेलें. मराठींत त्याचें बारसें 'वेताळ' असें झालें. साठ पैसे ही त्या वेळीं लहान रक्कम नव्हती. म्हणून दिवसाच्या भाड्यानें पुस्तकें देणाऱ्या दुकानांतून एकानें अंक आणावयाचा, व तो परत करण्यापूर्वीं चौघांनीं डोक्यास डोकें लावून वाचावयाचा, ही रीत. वर्गांत तो भूगोलाच्या पुस्तकांत चांगला मावे. भूगोलाचें पुस्तक आकारानें मोठें कां असतें, याचें एवढें एकच समाधानकारक कारण आम्हांस त्या वयांत सांपडलें होतें.

या वेताळाच्या घराण्यांत बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवी, म्हणून रानांतले लोक त्यास अमर समजत. त्याच्या अंगठीवर कवटीची खूण असे. ज्याच्या जबड्यावर ठोसा बसे त्याच्या कातडीवर ती जन्मभर राही. निकाल, शिक्षा व शिक्षेची नोंद, सर्व एका ठोशांत! येथें कोणी कोणास प्रश्न विचारीत नाहीं. दुष्ट कोण हें त्याच्या मिशांवरून पहिल्याच पानावर कळतें.

त्याचा मुलूख मुळांत बेंगाला. हें नांव आपल्या बंगालसारखें वाटेल म्हणून हिंदी आवृत्तींत तें बदलून 'देंकाली' केलें, आणि मूळ कथेंतल्या सिंग चांच्यांचें 'सिंगा' केलें. कोणाचें मन दुखावूं नये म्हणून मुंबईंत कोणी संपादक एकेक अक्षर फिरवीत बसला होता, ही गोष्ट आम्हांस मोठी हृद्य वाटते. परंतु अक्षरें फिरविल्यानें जें फिरलें नाहीं तें असें: रानांतले काळे लोक भाले घेऊन उभे आहेत, शेंकडों वर्षें उभे आहेत, आणि त्यांचें रक्षण करावयास पिढ्यानुपिढ्या एक गोरा पुरुषच यावा लागतो. ते स्वतः कधीं कांहीं ठरवीत नाहींत. स्वराज्य मिळून वीस वर्षेंहि न झालेल्या देशांतलीं मुलें ही गोष्ट चवीनें वाचीत होतीं. चित्रांचा वेगच असा असतो कीं, लहान वाचकास तेथें थांबून विचारावयास फुरसत मिळत नाहीं. चित्रकथांवर खरा आक्षेप घ्यावयाचा तर तो हा. वडील माणसें मात्र निराळेंच बोलत. डोळे बिघडतील, अभ्यास बुडेल, भाषा 'धाड-धूम' होईल, असें तें बोलणें. डोळे आम्हां सर्वांचे पुढें वयानें बिघडले. भाषेविषयीं तर उलट अनुभव सांगावा लागतो.

आमच्या वर्गांत एक मुलगा होता. चौथींत येऊनहि त्याला जोडाक्षर वाचतां येत नसे. पुस्तक हातीं दिलें कीं त्याच्या कपाळास घाम फुटे. त्यानें एका उन्हाळ्याच्या सुटींत भाड्याच्या दुकानांतले वेताळाचे सगळे अंक संपविले. चित्रांत काय घडतें तें दिसे, म्हणून फुग्यांतलें बोलणें काय असेल याचा त्याला अदमास येई, आणि अदमास खरा ठरला कीं अक्षर ओळखीचें होई. जून महिन्यांत त्यानें वर्गांत उभें राहून धडा वाचला. तो अडखळला, पण थांबला नाहीं. ज्या मुलास 'चांदोबा'चीं भरगच्च पानें भिंतीसारखीं वाटत, त्याच्यासाठीं या दुसऱ्या वेताळानें त्या भिंतीला दार पाडलें. असल्या मुलाच्या हातांतून तो अंक हिसकावून घेणारा शिक्षक वाचनाचा कैवारी खासच नव्हे.

पुढें १९७६ सालीं आबिद सुरती यांचा 'बहादूर' त्याच मालेंत आला. अंगांत भगवा कुडता व खालीं जीन, आणि दरोडेखोरांशीं सामना करण्यासाठीं त्यानें नागरिकांचेंच दल उभें केलेलें. गांवानें आपलें रक्षण आपण करावें ही कल्पना चित्रकथेंत पाहून बरें वाटलें. पण तोंवर आमचें वय सरलें होतें. अनंत पै यांच्या 'अमर चित्रकथा' १९६७ पासून निघूं लागल्या. राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा चित्रकारांचा हात त्यांस लाभला, आणि देवादिकांच्या गोष्टी म्हणून घरांत त्यांस मज्जाव नसे. नोव्हेंबर १९७१ मध्यें पाठ्यपुस्तक मंडळानें, म्हणजे बालभारतीनें, 'किशोर' सुरू केलें. तें आजहि निघतें, व त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात. 'इंद्रजाल' १९९० सालीं बंद पडलें. 'चांदोबा'ची मालकी २००७ सालीं बदलली, आणि पुढें थोड्याच वर्षांत तोहि थांबला.

तीं मासिकें टिकावीं अशा कागदावर छापलेलींच नव्हतीं. दहा-पंधरा वर्षांत पान पिवळें पडे, मग तपकिरी, मग कोपरा हातांत येई. घर बदललें कीं पहिली रवानगी रद्दीवाल्याकडे. आमच्या घरीं जें थोडें उरलें तें ताईच्या हट्टानें. वर्षअखेर बारा अंक एकावर एक रचून ती दाभणानें भोंकें पाडी, सुतळीनें शिवी, आणि वर जुन्या दिनदर्शिकेचा जाड कागद खळीनें चिकटवी. असे सात खंड झाले होते. दोन आज शाबूत आहेत.

ग्रंथालयाच्या प्रश्नावर आमचें मत विचारलें तर आम्ही दोन्ही वेताळ एकाच फळीवर ठेवूं. मात्र वर्गांत मोठ्यानें वाचावयास झाडावरचा घेऊं, आणि उत्तराच्या ओळी हातानें झांकूं. गुहेंतला ज्यानें त्यानें आपल्या पायरीवर बसून वाचावा. कोणी त्याच्याविषयीं बोलावयास आला तर त्या भालेकऱ्यांविषयीं एकदां विचारावें.

ताईनें शिवलेले ते दोन खंड आम्हीं यंदा शाळेच्या ग्रंथालयास दिले आहेत. ग्रंथपालांकडे मागितले असतां ते वाचनालयांत बसून पाहावयास मिळतील. घरीं नेतां येणार नाहींत. पानें फार ठिसूळ झालीं आहेत, तीं कोपऱ्यास धरून उलटूं नयेत. कांहीं वेताळकथांच्या शेवटीं, राजाच्या उत्तराखालीं समासांत, पेन्सिलीनें लिहिलेले प्रश्न आढळतील. ते खोडूं नयेत.